गफ्फारभाईंचं धुकं

हिवाळ्यात गफ्फारभाई भेटले की सलाम नाही, नमस्कार नाही. थेट विचारतात, “सर, आजचा दवबिंदू पाह्यला का?”

आता मी मराठीचा मास्तर. मला दवबिंदू ठाऊक तो कवितेतला! पण गफ्फारभाई आष्टीच्या रस्त्यावरचे मुकादम. गावातल्या हवामान यंत्राचे आकडे मोबाइलवर येतात, ते बघितल्याशिवाय हा गडी चहाला तोंड लावत नाही. “दवबिंदू म्हंजे ज्या डिग्रीला हवेतल्या वाफेचं दव होतं, तो आकडा. तापमान अन् दवबिंदू जवळ आले का धुकं पडणार म्हंजे पडणार. बिलकुल बराबर!” मग चुन्याच्या फक्कीचं पोतं घेऊन गावाबाहेरच्या वळणाच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ मारायला निघतात.

कशासाठी, ते अख्ख्या गावाला माहीत आहे. त्याच वळणावरून रोज सकाळी त्यांच्या मुलाचा, इरफानचा उसाचा ट्रॅक्टर जातो. बापलेकाचं वाजलं, पोरगा सासुरवाडीला राहायला गेला. दोन वर्षं झाली, बोलणं बंद.

एकदा रस्ते खात्यातले साहेब फोनवर कावले, “सकाळी आठला खड्डा बुजवा!” हे म्हणाले, “साहेब, मशीन दहा डिग्री दाखवून राह्यली. थंडीत डांबर धरत न्हाई. ऊन चढलं का टाकतो.” साहेबांनी फोन आपटला असणार.

गेल्या वर्षी तर कहरच! रस्त्याच्या कडेला ताजी फक्की बघून सरपंचांना वाटलं, मंत्री येणार. झालं! हार आले, बँड आला, मी पोरं रांगेत उभी केली. दहा वाजता धुक्यातून पोतं खांद्यावर टाकून आले ते गफ्फारभाई. बँडवाल्यानं वाजवूनही टाकलं.

परवा शाळेला निघालो तर समोरचं काही दिसेना. वळणावर कडेला गफ्फारभाई लाल झेंडी घेऊन कुडकुडत उभे.

“अहो, यंत्रानं सांगितलं नाही वाटतं?”

“सांगितलं ना. पण फक्की दवानं भिजली, रेघ दिसंना. मंग मीच उभा राह्यलो.”

तेवढ्यात इरफानचा ट्रॅक्टर आला. वळणावर हळू झाला, दोनदा हॉर्न वाजला आणि गेलासुद्धा. मला फार वाईट वाटलं. म्हणालो, “थांबला नाही हो पोरगा.”

गफ्फारभाई हसत होते.

“हॉर्न आयकला न्हाई का सर? समोर रस्ता तं सगळा मोकळा होता. मंग दोनदा वाजवला कुणासाठी?”