फिकट फोल्डर

माझ्या टाळूवरचे केस विरळ होत चाललेत, ही बातमी मला आमच्या न्हाव्याने दिली. तीसुद्धा आडवळणाने. "काका, मागून आरसा दाखवू, की राहू दे?" असं त्याने विचारलं. इतकी वर्षं तो न विचारता दाखवायचा. (आणि 'काका'ही म्हणत नसे.)

त्याच संध्याकाळी मी केसांच्या तेलाची एक बाटली आणली आणि एक लहानसा निर्णय घेतला. दर रविवारी टाळूचा एक फोटो काढायचा. टाळू ही अशी जागा आहे की ती साऱ्या जगाला दिसते, फक्त मालकाला दिसत नाही. फोटो काढल्याशिवाय तेलाचा गुण कळणार कसा?

पण फोटो ठेवायचे कुठे? माझा मोबाइल म्हणजे धर्मशाळा. बायको त्यावरून तिच्या बहिणीशी बोलते, लेक त्यावर गाणी ऐकते, मला तो फक्त चार्जिंगला लावायला मिळतो. राहिला हॉलमधला कॉम्प्युटर. तोही सगळ्यांचाच. शेवटी ऑफिसातल्या स्टोअरकीपरला गाठलं आणि 'एका मित्राची अडचण' म्हणून विचारलं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "फोल्डरवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, तिथे हिडनवर टिक. फोल्डर गायब. मित्राला म्हणावं, टोपी घालण्यापेक्षा हे बरं."

(मी टाळूचं नावसुद्धा काढलं नव्हतं.)

घरी कोणी नाही असं बघून मी 'जुनी वीजबिलं' नावाचं फोल्डर केलं, त्यात पहिला फोटो टाकला आणि हिडनवर टिक केली. फोल्डर गायब झालं नाही. नुसतं फिकट झालं. मी क्षणभर चरकलो, पण लगेच डोक्यात प्रकाश पडला. पूर्ण गायब झालं असतं तर मला तरी कसं सापडलं असतं? म्हणजे मालकाला फिकट दिसायचं आणि बाकीच्यांना मुळीच नाही! काय डोकं चालवलंय कॉम्प्युटरवाल्यांनी! तरी खात्री असावी म्हणून बायको आल्यावर तिला स्क्रीनसमोर उभं केलं.

"इथे काही दिसतंय?"

"धूळ दिसतेय," ती म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

मी निर्धास्त झालो.

रविवारी दोघी बाहेर पडल्या की मी चष्मा काढून, मान खाली घालून, मोबाइलचा टायमर लावून फोटो काढायचो. लगोलग कॉम्प्युटरवर टाकून मोबाइलवरून पुसायचो. बेल कधी वाजेल या धास्तीने बघायचोही नाही. बघायचो सोमवारी, ऑफिसातून आल्यावर. सुरुवातीच्या फोटोंत टाळू घासलेल्या ताटलीसारखी लख्ख होती. माझी अन्नावरची वासनाच उडाली. दर सोमवारी पानातलं पानातच राहू लागलं.

"ऑफिसात काही बिनसलंय का?" बायकोने विचारलं.

"कुठे काय," मी म्हणालो.

आणि मग चमत्कार झाला. एका सोमवारी टाळूवर लव दिसली. पुढच्या सोमवारी केस. त्याच्या पुढच्या सोमवारी तर भांग पाडता येईल इतका ऐवज! मी तिसरी पोळी मागून घेतली. रस्त्याने मुद्दाम खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो, मागच्यांनाही दिसावं म्हणून.

इथवर थांबलो असतो तर आज सुखात असतो. पण त्याच दिवसांत हेडक्लार्कच्या जागेसाठी साहेब कोणाची शिफारस करणार, याची ऑफिसात कुजबुज सुरू होती. साहेबांच्या डोक्यावर दोन कानांच्या वर तेवढी एक झालर उरली होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता. मी चहाच्या वेळी त्यांना हळूच तेलाचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटली नेऊन दिली. साहेब प्रसन्न झाले. हेडक्लार्कची खुर्ची मला आपल्याकडे सरकताना दिसू लागली.

महिन्याभराने साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. झालर गेली होती.

"तुम्हाला गुण आला म्हणालात. पुरावा?"

मी छाती पुढे काढून पेन ड्राइव्ह दिला. साहेबांनी सगळे फोटो ओळीने पाहिले. चेहरा उजळला.

"वाका बघू खाली."

मी वाकलो. साहेबांनी एकदा माझ्या टाळूकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे.

"फोटोतलं डोकं तुमचंच?"

"म्हणजे काय साहेब! कॉलरवरचा शाईचा डाग बघा की."

"डाग आहे," साहेब म्हणाले. "केस नाहीत."

त्यांनी स्वतःच्या मोबाइलने माझ्या टाळूचा फोटो काढून मला दाखवला. ताटली होती तशी होती.

घरी येऊन मी बूटही न काढता दोघींसमोर उभा राहिलो. "माझं लपवलेलं फोल्डर कोणी उघडलं?"

"लपवलेलं? ते फिकट?" लेक म्हणाली. "अहो बाबा, लपवलेलं सगळं दिसेल असं सेटिंग मीच करून ठेवलंय. तुम्ही काहीतरी दाबून बसता, फाइल नाहीशी होते, आणि मग घर डोक्यावर घेता."

"मला एक जुनं वीजबिल हवं होतं," बायको म्हणाली. "उघडून बघते तर आत तुमची टाळू!"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दर सोमवारी तो फोटो बघून उपाशी उठत होतात. मला बघवेना. मीच हिला म्हटलं, चार केस लावून दे बाबांना. निदान जेवतील तरी."

राग राग करायचा म्हणून आलो होतो, पण खरं सांगतो, मी मुकाट्याने बूट काढून ठेवले. माझ्या एका पोळीसाठी या दोघी दर रविवारी केस लावत बसल्या होत्या. तेवढ्यासाठी नोकरीत मागे राहिलो तरी हरकत नाही, असंही क्षणभर वाटलं.

"पण केस आणलेस कुठून?" मी लेकीला विचारलं.

"आजोबांचे आहेत. आईच्या बाबांचे. पांढरे होते, ते काळे करून घेतले."

माझे सासरे ऐंशीच्या घरात आहेत.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं खरं खरं सांगून टाकलं. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खिशातून ओळखपत्र काढून त्यांनी त्यावरच्या फोटोकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "याला बसतील का हो?"

लेकीने संध्याकाळी दहा मिनिटांत बसवून दिले. पुढची सगळी सकाळ साहेब तो फोटो न्याहाळत होते. सासऱ्यांचे केस त्यांना माझ्यापेक्षा जास्त शोभत होते, हे मलाही कबूल करावं लागलं. साहेब खुशीत आहेत असं बघून मी धीर केला.

"साहेब, ते हेडक्लार्कच्या शिफारशीचं..."

"रात्री मीही त्याचाच विचार करत होतो," साहेब फोटोवरची नजर न काढता म्हणाले. "तुमच्या घरात बढतीच्या लायकीचं माणूस आहे. पण काय करणार, ते आपल्याकडे नोकरीला नाही."