अंगावरचं चतकोर

असे लांब काय बसलाय, जवळ सरा की. आणि एवढा कडक इस्त्रीचा सदरा कशाला घातलाय? माझ्या भावाकडं कधी जायचं झालं तर जुनंपानं घालून जा. त्याच्या दारात गेलेला माणूस सदऱ्याचं टोक ठेवूनच परत येतो.

भाऊ म्हणजे आमचा थोरला, ज्ञानूदादा. उंब्रजच्या अंगाला आमचं गाव. मला गावातच दिलेली, त्यामुळं त्याचे सगळे उद्योग माझ्या डोळ्यांदेखतचे. लोकांच्या बंडीत तंबाखू असते, ह्याच्या बंडीत कात्री. पाहुणा नमस्काराला वाकला की एक हात त्याच्या डोक्यावर आणि दुसऱ्या हातानं मागनं कचकन तुकडा. माझा जावई सांगलीचा. पहिल्या दिवाळसणाला नवा टेरिलीनचा बुशशर्ट घालून आला, वाकला, उठून बघतोय तर पाठीला वारा.

“मामा, आवं हे काय?”

“चतकोर घेतलंय पावणं, भाकर न्हाई मागितली. आता तुमी आमच्यातलं.”

हे तुकडे जातात झुलीत. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, बैलाच्या पाठीवर घालायची झूल. आमच्या आज्यानं शिवायला घेतलेली, दादा अजून शिवतोच आहे. आल्यागेल्याला सुईच्या टोकानं दाखवतो, “ही आई. ह्यो आज्जा, पटक्यातला. ह्यो मिलिटरीतला चुलता.” जावयाला शेपटीपाशी लावलाय. नव्या माणसानं तिकडनंच सुरुवात करायची म्हणे.

मग झूल राहिली आणि बैल गेले. दादाच्या पोरानं, तानाजीनं, जोडी विकून ट्रॅक्टर आणला. बेंदूर आला तसं दादानं ट्रॅक्टरला कुंकू लावलं, पुरणपोळी पुढं धरली आणि वर झूल चढवली. सगळी आळी हसायला लागली. तानाजीला लाज वाटली, त्यानं झूल ओढून खाली टाकली.

“आबा, आता तरी ह्या चिंध्या सोडा.”

दादानं झूल उचलली. धूळ झटकत बसला. तानाजी ट्रॅक्टर घेऊन तासगावला गेला, तिकडं द्राक्षाच्या बागांतनं कामं करतो. दोन-तीन बेंदूर झाले, गावाकडं फिरकला नाही.

झुलीच्या मधोमध, वशिंडाच्या जागी, एक चौकोन मोकळा आहे. मी एकदा पेटीतनं तानाजीचा जुना सदरा काढून दादाला दिला. म्हटलं, “लाव की हे. कोण बघतंय?”

त्यानं सदऱ्याची घडी घातली, परत पेटीत ठेवली. “पेटीतलं चालत न्हाई, हौसे. अंगावरचंच पायजे. माणूस दारात आल्याबिगर त्याचं कापड कसलं?”

अजून फाट्यावर एसटी थांबली की तो बंडीत कात्री चाचपतो.

तर या एकदा, बेंदराच्या आत या. झुलीत तुमच्यापुरती जागा निघेल. आणि तासगाववरनं येणार असाल, तर आमच्या तानाजीला एवढा निरोप द्या. म्हणावं, सदरा जुना असला तरी चालेल. पण अंगात घालून ये, आणि लवकर ये.