रबरी पोशाखातला माणूस

हलीमाखालाने तो सिनेमा कधीच बघितला नाही. पण तो कसा काढला, हे मात्र तिला तोंडपाठ होतं.

आम्ही रत्नागिरीत राजिवड्याला राहायचो, तिच्या भिंतीला भिंत लागून. तिचा मुलगा इरफान दुबईला होता. 'एसी ऑफिसात' काम करतो, असं फोनवर सांगायचा. दोन हजार सालानंतर कधीतरी त्याने डीव्हीडी प्लेअर पाठवला आणि सोबत चित्रकथेच्या पुस्तकावरून काढलेला एक इंग्रजी सिनेमा. घट्ट काळ्या पोशाखातला नायक इमारतींवरून उड्या मारत शहर वाचवतो, तसला. डबीत दोन तबकड्या. दुसरीत पडद्यामागच्या गमती. खालाने चुकून तीच आधी लावली आणि तिथेच अडकली.

इंग्रजी समजावून सांगायला मला हाक यायची. "शैला, ये गो. त्याला परत कोंबतायत!"

कोंबतायत म्हणजे नायकाला पोशाखात. पुस्तकातला नायक पिळदार आणि हा नट काटकुळा. म्हणून दंड, छाती, सगळं रबराचं केलेलं. अंगाला पावडर फासून चौघे जण त्याला आत ढकलायचे. कान झाकलेले, त्यामुळे दिग्दर्शक ओरडला तरी ऐकू जायचं नाही. लाल फडकं हलवून थांबवावं लागे. नट हे हसत हसत सांगायचा. खालाला काही हसू यायचं नाही.

"त्याला लघवीला लागली तर?"

"ते सांगितलं नाहीये, खाला."

"बघ! नेमका तेवढाच सांगत नाय."

काळजी वाढतच गेली. नळीच्या पावसात भिजला, त्याला ताप भरला असेल. आणि उडी मारणारा तर नटाच्या बदली भलताच माणूस, तसाच पोशाख चढवलेला. "ह्याच्या आवशीला माहीत हाय काय?" हे तिने मला विचारलं, मासेवालीला विचारलं, विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही विचारलं. "कोणाच्या आईला?" असं तो बिचारा म्हणाला, तर त्याला बसवून अख्खी उडी दाखवली.

मी म्हटलं, "खाला, एकदा सिनेमाच लावू या ना."

"नको. त्यात तो खोटाच उडतो. हितं खरा लटकतो."

मग इरफान रजेवर आला. दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बसलो. खालाने कौतुकाने तबकडी लावली. काचेच्या उंच इमारतीवर तो बदली माणूस दोराला लोंबकळत होता. इरफान लोडाला टेकून अर्धवट झोपेत बघत होता. एकदम म्हणाला, "ह्याचा दुसरा दोर कुठाय? आमचा सुपरवायजर असा उतरूच देणार नाय."

आणि लोड सोडून ताठ बसला.

खालाने रिमोट दाबला. माणूस हवेतच थांबला.

"ऑफिसात दोर कशाला रे?"

इरफान माझ्याकडे बघायला लागला. शेवटी म्हणाला, "काचा पुसतो अम्मी. बाहेरनं. दोन दोर असतात, पट्टा असतो. काय होत नाय."

मला वाटलं, आता प्रश्नांचा भडिमार होणार. मीटरवाल्याला न सोडणारी बाई! पण खालाने रिमोट खाली ठेवला. इरफानच्या शेजारी सरकून बसली आणि त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं. चहाची वेळ झाली. मीच उठून चहा केला. कप तिने डाव्या हाताने घेतला.

"अम्मी," इरफान हळूच म्हणाला, "मी आता जमिनीवर हाय."

"हा," खाला म्हणाली. "पण धरू दे."