नरहररावांचं घुमणारं खोकं

"अहो, ते तुमचं खोकं बंद करा आधी! कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही कळेना मला!" सुनीतीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

खोकं म्हणजे नरहररावांनी नागपूरहून आणलेला गिटारचा जुना, व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर. सुरू केला की आतल्या काचेच्या नळ्या लालसर पेटायच्या, आणि गिटारच्या आधी तोच गायला लागायचा. घूंऽऽऽ! दुकान भर रस्त्यावर होतं, तिथल्या गोंगाटात ही घूं ऐकूच आली नव्हती. "पाहून घ्या काका," असं दुकानदार म्हणाला होता, आणि काकांनी तो फक्त पाहूनच घेतला.

आता म्हणाल, तहसीलीतून रिटायर झालेल्या माणसाला हे कसले डोहाळे? तर त्याचं कारण होतं मुकुटबनचा किसनराव. तरुणपणी वणीत या दोघांचा ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत ट्रकच्या फाळक्यावर स्टेज, नरहर गिटारवर आणि किसन गायला. किसन गायला लागला की चहावाला गाळणी हातात धरून उभाच राहायचा. पण मागच्या वर्षी भागीरथावहिनी गेल्या आणि किसनरावानं गाणं सोडलं ते सोडलंच. गावच्या भजनातही तोंड उघडेना. मुका झालेला किसन नरहररावांना बघवत नव्हता. आज कोजागिरी, म्हणून दुधाच्या निमित्तानं त्याला बोलावलं होतं. ऑर्केस्ट्रात असाच व्हॉल्व्हवाला डबा होता. तोच जुना आवाज कानावर पडला तर गडी गाईल, एवढीच त्यांना आशा होती.

मोबाईलवरच्या व्हिडिओत एक तज्ज्ञ म्हणाला, घरातल्या इतर मशिनींमुळे असा आवाज येतो. झालं! नरहररावांनी फ्रीज बंद केला, पंखे बंद केले, टीव्हीची पिन उपटली. घूं चालूच. मग भिंतीपलीकडच्या शकुबाईंना त्यांनी पिठाची चक्की थांबवायला सांगितलं.

"कायले?" शकुबाई पिठाळ हातांनीच आल्या. "गिऱ्हाईक उभं हाये ना माह्यं!"

"जराशीच थांबवा हो."

चक्की थांबली. घूं काही थांबली नाही, उलट त्या शांततेत जास्तच ऐकू यायला लागली.

"आता वणीच्या कोळशाच्या खदानीही बंद करायला सांगा," सुनीतीबाई म्हणाल्या.

शकुबाईंनी मात्र खोक्याला एक धक्का देऊन पाहिला आणि कान टवकारले. "सुनीतीताई, याच्यात काहीतरी खुळखुळून राह्यलं. हालवून पाहू!"

भुलाबाईच्या गाण्यांनंतर बंद डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा, यात ज्यांचं बालपण गेलं त्या बायकांना कोण अडवणार? नरहररावांनी घाईघाईनं वायर उपटली. "अहो, काच आहे आत!" असं ते म्हणेपर्यंत दोघींनी खोकं दोन्हीकडून उचललंसुद्धा.

"शेंगदाणे," सुनीतीबाई कान लावून म्हणाल्या.

"छ्या! शेंगदाणा असा वाजते का? फुटाणे हायेत."

"फुटाणा हलका असतो. साबुदाणा असेल."

"आणखी एक डाव हालवा बरं!"

मागच्या जाळीतून भराभरा सोयाबीन सांडलं. कुण्या नागपुरी उंदरानं हिवाळ्याची बेगमी करून ठेवली होती.

"हरलो बापा आपण दोघीबी!" शकुबाई म्हणाल्या आणि चक्कीकडे पळाल्या.

नरहररावांना वाटलं, सापडला एकदाचा रोग. त्यांनी वायर लावली, बटण दाबलं आणि तार छेडली. गिटार मुकी! घूं तेवढी ठणठणीत. त्या हलवाहलवीत आतलं काय सुटलं देव जाणे, पण होता नव्हता तो गिटारचा आवाजही गेला.

"सत्यानाश!" ते मटकन खाली बसले. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "नऱ्या! हायेस का घरी?"

किसनराव पार वाळला होता. नरहरराव धडपडत उठले. "ये रे. थांब, हे आधी बंद करतो."

"राहू दे ना." किसनराव दिवाणावर टेकला आणि त्या लाल नळ्यांकडे बघत राहिला. "आपल्या डब्यासारखाच हाये रे."

 मग डोळे मिटून त्यानं हलकेच त्या घूंमध्ये आपला आवाज मिसळला. "आऽऽ..." स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. किसनरावानं भागीरथावहिनींच्या आवडीचं गाणं धरलं. पहिल्या ओळीला आवाज चिरकला, दुसरीला कापला, आणि तिसरीला मात्र जुना किसन मोकळा झाला.

नरहररावांना राहवेना. त्यांनी गिटार ओढली आणि तशीच, अँप्लिफायरविना, साथ धरली. किसनरावानं डोळे न उघडता हात वर केला.

"नऱ्या, तू थांब जरा. मशीन सुरात हाये. तुह्यी तार तवाबी उतरलेलीच राहे."

एवढा अपमान एवढ्या आनंदानं कुणी गिळला नसेल. नरहररावांनी गिटार खाली ठेवली, डोळे पुसले आणि गपचूप ऐकत बसले.

बंदच राहिलेल्या फ्रीजमधलं दूध उकळताना फाटलं, त्यामुळे त्या घराची कोजागिरी कोऱ्या चहावर झाली. मुकुटबनच्या गाडीला पोचवायला निघताना नरहरराव म्हणाले, "उद्याच हे नागपूरला नेऊन दुरुस्त करून आणतो बघ."

किसनराव फाटकातच थांबला. "दुरुस्त कराले नेलं तं याद राख! पुढच्या पुनवेले मी कोनाच्या सुरात गाऊ? तुह्या?"