सबनीसांचा थर्मामीटर

सत्यनारायणाच्या प्रसादाची ताटली गुडघ्यावर सांभाळत सबनीसांनी खिशातून एक कंडोम काढला आणि फुगवायला घेतला. तो लिंबाएवढाही झाला नाही तोच फुटला. "बघा," ते शांतपणे म्हणाले, "उन्हात राहिलेला माल." आमची ही स्वयंपाकघरात पळाली.

सबनीस आमचे शारजातले शेजारी, दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदामाचे मॅनेजर. त्या काळी एड्स रोखायला आफ्रिकेत कंडोम वाटायचे, त्यातली बरीच खोकी यांच्या गोदामातून जहाजावर चढायची. उष्णतेने रबर कुजतं, म्हणून खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. लिफ्टमध्ये भेटले तरी गुड मॉर्निंग नाही, "आज सावलीत चव्वेचाळीस!" लोक मागे टिंगल करायचे.

त्या उन्हाळ्यात गोदामाचा एसी बंद पडला आणि मालकाने तो दुरुस्तच केला नाही. युगांडाला जायची खोकी दोन महिने पत्र्याखाली भाजली. तरी मालक म्हणतो, "यल्ला, चलो सबनीस, लोड करो. उधर कौन चेक करता है?"

उधर कौन म्हणजे? तिथे काय माणसं राहत नाहीत? एकीकडे काळजी घ्या म्हणून पोस्टरं लावायची आणि हातात फुटका माल द्यायचा! ऐकून माझंच डोकं फिरलं.

"मग काय केलंत?"

"पाण्याचा होज लावला. सगळी खोकी चिंब भिजवली. म्हटलं, आता कर लोड."

"सबनीस, व्हिसा कॅन्सल होईल तुमचा."

"झालाच. खलास."

"अहो, पण या वयात..."

सबनीसांनी ताटली खाली ठेवली. बायको-मुलं सांगलीला, इथे हे एकटे. पूर्वी दर शुक्रवारी जोसेफ, त्यांच्या गोदामातला युगांडाचा फोर्कलिफ्टवाला, वरणभात जेवायला यायचा. व्हिसाच्या रक्ततपासणीत त्याला एचआयव्ही निघाला आणि धड निरोपही घेऊ न देता त्याला विमानात बसवलं. आजारी माणसाला ही वागणूक! त्यानंतरही शुक्रवारी सबनीस कुकर दोघांचाच लावायचे.

"जोसेफचा फोन येतो अधूनमधून," ते म्हणाले. "त्याच्या गावच्या दवाखान्यात आपलीच खोकी जातात. बायकोला अजून लागण नाही."

त्यांनी थर्मामीटर काढून उगाच शर्टाला पुसला.

"ती घर सोडून गेली नाही हो. आपल्या मालाच्या भरवशावर राहिलीय त्याच्याजवळ."