किती माणसांचं पाहिजे?

भुजंगतात्यांना तुम्ही काहीही विचारा. वय विचारा, पेन्शन विचारा, सकाळी पोट साफ झालं का ते विचारा. ते नको तितकं सविस्तर सांगतील. फक्त ‘घरात माणसं किती?’ एवढं विचारू नका. विचारलंत की ते टोपी काढतात, पुन्हा घालतात आणि म्हणतात, “माणसं मोजू न्हाईत. मोजायला ती काय शेरडं हैत?”

माणसं आहेत दोन. तात्या आणि त्यांची थोरली बहीण मथुराक्का. हे सगळ्या गल्लीला दिसतं. आम्ही नवराबायको नांदेडहून बदलीवर लातूरला आलो ते थेट त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, पण तात्यांच्या तोंडून घराच्या बाबतीत ‘दोन’ हा शब्द कधी ऐकला नाही. बाकी आकड्यांशी त्यांचं वाकडं नाही. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर कालव्याचं पाणी मोजलंय.

एकदा कसल्याशा सर्वेक्षणाला एक बाई आल्या. तात्यांनी त्यांना चहा दिला, भाकरी-चटणी खाऊ घातली, कालव्याच्या गमती सांगितल्या. ‘कुटुंबातील सदस्य’ आलं की मात्र टोपी निघायची. “तुमाला दिसतेत तेवढी ल्ह्या की, माय.” शेवटी त्या बाई अंगणातल्या दोरीवरचे कपडे बघून काहीतरी लिहून गेल्या. त्या दिवशी आमचीही चादर त्याच दोरीवर होती, त्यामुळे सरकारदरबारी त्यांच्या घरात बहुधा आम्हीही असू.

एसटीत तर हसून हसून पुरेवाट. कंडक्टरनं “किती?” विचारलं की तात्या स्वतःकडे आणि अक्कांकडे मोघम हात फिरवून म्हणतात, “आमाला पुरतील तेवढी द्या.” तरुणपणी निलंग्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीच्या बापानं सुपारी कातरता कातरता विचारलं, घरात माणसं किती? तात्या म्हणाले, “मोजली न्हाईत.” बापानं अडकित्ता मिटला. तात्यांचं लग्न राहिलं ते राहिलंच. हा किस्सा ते स्वतःच सांगतात आणि वर “सुपारी बी खाऊ दिली न्हाई बगा” म्हणून हळहळतात.

असा हा माणूस एका सकाळी आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “सायेब, चला गोलाईत. सुलो कुकर घ्यायचाय.”

झालं होतं असं की येळवस तोंडावर आली होती. आमच्या नांदेडकडे हे प्रकरण एवढं नाही, पण लातूरला थंडीतल्या या अमावस्येला अख्खं शहर कुलूप लावून रानात जातं आणि भज्जी खातं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. वाटाणे, तुरीचे हिरवे दाणे, हरभरा, वाल, शेंगदाणे, गाजर, मेथी, पालक, रानात जे जे हिरवं सापडेल ते आंबट ताकात बेसन कालवून त्यात रटारटा शिजवायचं. अक्कांची भज्जी नावाजलेली. यंदा मात्र त्यांचे गुडघे चुलीपुढे बसू देत नव्हते आणि गॅसपुढे उभंही राहू देत नव्हते. “यंदा ऱ्हाऊ दे की रं भुजंगा,” असं त्या म्हणाल्या आणि तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी मोबाईलवर विजेवर मंद शिजवणारं भांडं पाहिलं. रात्री भाज्या टाकायच्या, बटण दाबायचं, झोपायचं. सकाळी भज्जी तयार. गुडघ्यांचा संबंधच नाही.

गोलाईच्या बाजारातल्या दुकानदारानं तीन आकारांची भांडी मांडली आणि नको तेच विचारलं. “तात्या, माणसं किती?”

टोपी निघाली. मी ‘दोन’ म्हणायला तोंड उघडलं, तर तात्यांनी माझा दंड दाबला.

“मग लिटरमध्ये सांगा.”

“लिटर दुधाला अस्तंय. भज्जीला अक्काची मूठ.” असं म्हणून तात्यांनी कोटाचे खिसे उलटे करायला सुरुवात केली. अक्कांच्या मुठीनं मोजून त्यांनी घरून एकेक जिन्नस आणला होता. एका खिशातून वाटाणे, दुसऱ्यातून वाल, आतल्या खिशातून हरभरा. मधल्या भांड्यात ते ओतले तर भांडं निम्मं झालं, आणि पालेभाजी अजून पिशवीतच होती. दुकानदार “अहो, शोकेसचा पीस आहे तो” म्हणत धावला, त्या झटापटीत वाटाणे फरशीवर सांडले आणि कूलर बघायला आलेले एक गृहस्थ त्यांच्यावरून घसरून थेट कूलरला मिठी मारून थांबले. मी दुसऱ्या दुकानात आल्यासारखा चेहरा करून पंखे बघत राहिलो.

दुकानदारानं वैतागून सगळ्यात मोठं भांडं बांधून दिलं. आतलं चिनी मातीचं पातेलं एवढं जड की तात्यांनी आणि मी दोघांनी मिळून ते ओट्यावर चढवलं. अक्का त्याभोवती एक फेरी मारून आल्या. “भुजंगा, मला ह्येच्यात बसवून आंगूळ घालतोस का?” त्यांना ते रिकामंसुद्धा हलेना. अर्धं भरलं तर मंद भांड्यात जिन्नस करपतो, असं वर माझ्या बायकोनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तात्या एकटेच बदलून घ्यायला गेले. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा टोपी. दुकानदारानं या वेळी सगळ्यात लहान दिलं. त्यात तान्ह्या बाळाची पेज झाली असती. अक्कांनी त्यात एक गाजर उभं करून बघितलं; ते वर डोकं काढून आमच्याकडे बघत राहिलं.

येळवस आता अगदी दारात आली होती. तात्या ओसरीत डोकं धरून बसले. भांडं नाही तर भज्जी नाही, आणि आकडा सांगितल्याशिवाय दुकानदार पुन्हा बदलून द्यायला तयार नव्हता. मला राहवलं नाही. तात्या परसात गेल्यावर मी दाणे सोलत बसलेल्या अक्कांना विचारलं, “अक्का, हे नुसतं ‘दोन’ म्हणायला काय जातं त्यांचं?”

अक्कांचे हात थांबले नाहीत. “त्ये माझ्यापायी हाय, बाळा.” मालक वारल्यावर त्या माहेरी परत आल्या, तेव्हा तात्या शाळेत होते. त्या रात्री भाकरी करायला बसलेल्या चुलतीनं मोठ्यांदा माणसं मोजली आणि म्हणाली, आता एक माणूस वाढलं. “तिच्या मनात काय नसंल. पर मी आर्दी भाकर परत ठिवली. दुसऱ्या दिवशी बी ठिवली. तिसऱ्या दिवशी ह्यो परातीपुढं हुबा ऱ्हायला अन् म्हणला, आजपास्नं ह्या घरात माणसं मोजायची न्हाईत. ज्यानं मोजली त्येच्या हातचं मी जेवणार न्हाई. मग काय, आंदाजानं भाकरी. रोज उरायच्या. गल्लीतली कुत्री लई माजली बग त्या सालात.”

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. निलंग्याचा तो मिटलेला अडकित्ता आठवला आणि इतके दिवस आपण कशाला हसत होतो ते कळून मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी अक्का लुगडं बदलून बाहेर आल्या. “रिक्शा बोलाव. मी येते गोलाईत.” दुकानदारानं तात्यांना पाहताच वाटाणे सांडण्याच्या भीतीनं फरशीकडे पाहिलं. मग अक्कांना नमस्कार करून, दमलेल्या आवाजात त्यानं विचारलं, “मावशी, तुम्ही तरी सांगा. किती माणसांचं पाहिजे?”

तात्यांचा हात टोपीकडे गेला. अक्कांनी तो मधेच धरला.

“दोन,” त्या म्हणाल्या. “मला धरून.”

दुकानदाराला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. “मग हे मधलं. पाहुणा आला तरी भागंल.” तात्या मात्र पाठ फिरवून मिक्सरच्या खोक्यावरची माहिती वाचू लागले. खोकं उलटं होतं. बराच वेळ त्यांनी ते वाचलं आणि आम्ही कोणी त्यांना हाक मारली नाही. मुठींचा प्रश्न अक्कांनी रिक्षातच सोडवला. “मूठ माझीच हाय की. जरा आवळून घीन.”

येळवसेला सकाळी आम्ही चौघं रेणापूरच्या बसमध्ये होतो. तिकडे तात्यांचं थोडं रान आहे. बस खच्चून भरलेली, आणि तात्यांच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं ते मधलं भांडं, शालीतून सगळ्या बसला भूक लावणारा वास. कंडक्टर जुना ओळखीचा. त्यानं तात्यांना पाहिलं आणि हसून स्वतःच म्हणाला, “काय तात्या, पुरतील तेवढी?”

तात्यांनी टोपी काढली. घातली. अक्कांकडे बघितलं.

“दोन हाफ,” ते म्हणाले. “अक्काला धरून.”

कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिला. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघता बघताच त्यांनी ते भांडं तात्यांच्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतलं.