साडेपाचचा सूर्यास्त

आमच्या ‘मायेची सावली’ निवासी गृहाच्या आवारात सूर्य संध्याकाळी साडेपाचला मावळतो, कारण काळजीवाहकांची पाळी सहाला संपते. कुंपणापलीकडे गावात तो सातपर्यंत असतो. गावाचा कारभार वेगळा आहे.

मी इथला लिपिक. गेल्या जूनमध्ये अधीक्षक उगले साहेबांनी हे परिपत्रक काढलं, ते मीच टाइप केलं. गृहात चोवीस जण राहतात. सगळी मोठी माणसं, फक्त समज जरा सावकाश चालते. उजेड असताना त्यांना झोपवायचं तर दोन तास मोडतात. अंधार पडला की वीस मिनिटांत काम आटोपतं. साहेबांनी एक प्रत सूर्याला पाठवली, माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी. दुसऱ्याच दिवशी कार्यवाही सुरू झाली. इतका तत्पर कर्मचारी मी आमच्या खात्यात पाहिलेला नाही.

हरकत घेतली ती एकट्या शेवंता घुलेनं. वय त्रेचाळीस. तिचा थोरला भाऊ अंकुश एसटीवर ड्रायव्हर आहे. आमच्याकडे भेटीचा दिवस महिन्याचा पहिला रविवार, आणि अंकुशची नेमकी रविवारी ड्युटी. पण त्याची मुक्कामी गाडी रोज पावणेसातला आमच्या फाटकावरून जायची. तो दोनदा हॉर्न द्यायचा, आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली शेवंता हात हलवायची. अकरा वर्षं भेट म्हणायची ती एवढीच. परिपत्रकानंतर गाडी जाते तेव्हा शेवंता काळोखात कॉटवर असते. हॉर्न तेवढा ऐकू येतो.

“भाऊसाहेब, दादाला मी दिसंना आता,” ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली.

“अर्ज करा.”

“लिवता येत न्हाई.”

मग अर्ज मीच लिहिला, तिनं अंगठा दिला, आणि मीच तो साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी शेरा मारला : एका रहिवाशासाठी सूर्य रोखून धरता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. दाभाडे मॅडम दरवर्षी दुपारच्या जेवणाला येतात, पण यंदा जीप पंक्चर झाली आणि पोचायला सव्वापाच वाजले. प्रपत्रातल्या चौथ्या प्रश्नापर्यंत अंधार झाला. मॅडमनी घड्याळ पाहिलं, कुंपणापलीकडचं ऊन पाहिलं आणि टॉर्च मागवला.

“रहिवासी आपल्या इच्छेनं झोपतात का?”

“अंधार पडला की झोपतात,” साहेब म्हणाले. “आम्ही कधी जबरदस्ती करत नाही.”

मॅडमनी लिहिलं : झोप भरपूर. मला स्वतःची लाज वाटली, पण टॉर्च मीच धरला होता.

आता आमच्याकडे एक पद्धत आहे. रोज प्रार्थनेनंतर मालनताई, म्हणजे आमच्या काळजीवाहक, नियमावली मोठ्यानं वाचतात आणि सगळे मागून म्हणतात. त्यातला सातवा नियम : रहिवाशांनी सूर्यास्तापूर्वी आवारात परतावे. शेवंताला तो तोंडपाठ होता. सोमवारी पाचला तिनं प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर उन्हात जाऊन बसली.

“शेवंता, सूर्य मावळला. आत चल,” साहेब अंधारातून ओरडले.

“हितं कुटं मावळलाय, सर?”

पावणेसातला गाडी आली, हॉर्न झाला, हात हलला. सात वाजायच्या आत, सूर्यास्तापूर्वी, शेवंता आत आली.

मंगळवारी नवं परिपत्रक निघालं : सूर्यास्त फाटकाबाहेर दहा फुटांपर्यंत लागू. शेवंतानं खुर्ची अकराव्या फुटावर नेली. बुधवारी सूर्यास्त वीस फुटांपर्यंत गेला, खुर्ची एकविसावर. गुरुवारी चिडून साहेबांनी फाटकासमोरचा अख्खा रस्ताच घेतला. पलीकडे लगेच पाट आहे, खुर्ची ठेवायची कुठे?

शेवंता गुरुवारीही गेली आणि रस्त्याच्या कडेला, गडद अंधारात बसली. नियमाप्रमाणे तिला आत आणायला हवं होतं. पण सहा वाजून गेले होते, मालनताईंची पाळी संपली होती आणि साहेब तर पावणेसहालाच निघाले होते. मी मात्र थांबलो.

पावणेसातला गाडी उन्हातून आली आणि अंधारात शिरली. अंकुशला दिवे लावावे लागले. दिव्यांच्या झोतात शेवंता हात वर करून उभी होती. त्यानं करकचून ब्रेक मारला.

“केस पांढरं झालं की गं,” तो खाली उतरून म्हणाला.

“तुजं बी,” शेवंता म्हणाली.

कंडक्टर घाई करायला लागला. अंकुशनं मला विचारलं, “हितं उजाडतं कधी?”

“आठला. दिवसपाळी आली की.”

“मग मुक्काम हितंच. अंधारात गाडी पुढं न्यायची रिस्क कोण घेणार?”

“अहो, मुक्काम पुढच्या गावाला आहे,” कंडक्टर म्हणाला.

“गाव कुटं पळून चाललंय?”

सात प्रवासी कुरकुरत उतरले, पन्नास पावलांवरच्या उन्हात गेले आणि चालत गावाला लागले. त्यांच्यामागून कंडक्टरही गेला. मी ऑफिसातून दुसरी खुर्ची आणून दिली.

मग भेटीचं रजिस्टर उघडलं. भेटीस आलेले : अंकुश घुले, भाऊ. वेळ : सूर्यास्त ते सूर्योदय. वाराच्या रकान्यात मी ‘महिन्याचा पहिला रविवार’ असं लिहिलं, खाली सही केली आणि एक प्रत कॅलेंडरला पाठवली, माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. साहेब वेळेवर आले.